धुऱ्यावरचा आरुणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की आपल्या भागाचं रूप पालटतं. घाटावर पहाटेची थंडी अंगाला झोंबते, तूर शेंगांनी भरते, हरभरा फुलावर येतो, पऱ्हाटीची वेचणी चालू असते. आणि अशा कामाच्या ऐन घाईतच दत्तजयंतीचा सप्ताह येतो. गावोगावच्या दत्तमंदिरांत, औदुंबराच्या पारावर, कुणाच्या माडीवर, कुणाच्या देवघरात श्रीगुरुचरित्राची पोथी उघडते. सात दिवस ठरलेल्या वेळी उठायचं, ठरलेल्या आसनावर बसायचं, साधं अन्न घ्यायचं, चटईवर निजायचं, कमी बोलायचं. एरवी ज्याला पहाटेचा गजर ऐकू येत नाही, तो माणूस या सात दिवसांत गजराच्या आधी जागा होतो. हे कसं होतं? आणि आठव्या दिवशी ते कुठं जातं? या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा हाच प्रश्न मनात होता.

मी काही मोठा शास्त्री नाही. शाळेत मुलं शिकवली, निवृत्त झालो, आता मेहकर-चिखलीच्या टापूत कुणी बोलावलं तर पोथीवर चार शब्द बोलतो. बोलून झाल्यावर लोक भेटतात, आणि त्यांचे प्रश्न पोथीतल्या प्रश्नांपेक्षा अवघड असतात. "गुरुजी, मन कसं घट्ट करायचं?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. कुणी खर्रा सुटत नाही म्हणून विचारतं, कुणी मोबाइल सुटत नाही म्हणून, कुणी रात्रभर झोप येत नाही म्हणून. त्या सगळ्यांना मिळून आज उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. उत्तर माझं नाही. ते पोथीतलं आहे, मी फक्त बोट ठेवून दाखवणार.

सोळाव्या अध्यायातले तीन शिष्य

गुरुचरित्राचा सोळावा अध्याय उघडा. एक ब्राह्मण श्रीगुरूंकडे येतो. त्याची तक्रार अशी, की माझे गुरू फार कडक होते, शिकवत काही नव्हते, नुसती कामं सांगायचे, म्हणून मी त्यांना सोडून आलो. श्रीगुरू त्याला समजूत घालत बसत नाहीत. ते त्याला धौम्य ऋषींच्या तीन शिष्यांची गोष्ट सांगतात. आरुणी, बैद आणि उपमन्यू.

आपण कास्तकार माणसं. या तीन गोष्टी आपल्याला जेवढ्या कळतील तेवढ्या शहरातल्या माणसाला कळणार नाहीत, कारण तिन्ही गोष्टी शेतात घडतात.

आरुणीला गुरूंनी सांगितलं, शेताला पाणी लाव. पाटाचं पाणी भलतीकडं फुटून चाललं होतं. त्यानं माती टाकली, वाहून गेली. दगड टाकले, ते हलले. शेवटी तो स्वतःच त्या फुटलेल्या जागी आडवा झाला. अंग पाण्याला लावलं आणि पडून राहिला. ज्याच्या वावराचा धुरा पावसाळ्यात फुटलाय आणि वीतभर काळी माती डोळ्यांदेखत नाल्यात गेलीय, त्याला आरुणीचं दुःख वेगळं समजवून सांगायला नको.

बैदाला सांगितलं, पीक राख, कापणी कर आणि माल घरी आण. गाडी दिली आणि तिला ओढायला एकच रेडा दिला. जू दोघांचं आणि जनावर एक! बैदानं दुसरीकडं स्वतःची मान दिली. वाटेत चिखल लागला, गाडी रुतली, तरी त्यानं जू टाकलं नाही. ओढता ओढता गळ्याला फास बसून पडला.

उपमन्यूची गोष्ट निराळी. तो आळशी नव्हता, पण त्याला भूक फार. गाई राखायला पाठवलं की भुकेपायी लवकर परत यायचा. गुरूंनी सांगितलं, सूर्य मावळेपर्यंत गाई चार. तो तिकडेच भिक्षा मागून खाऊ लागला. गुरू म्हणाले, भिक्षा घरी आणून दे. मग तो वासरांच्या तोंडचं उरलेलं दूध घेऊ लागला. तेही बंद केलं. शेवटी रुईचा चीक डोळ्यांत जाऊन तो आंधळा झाला आणि चाचपडत विहिरीत पडला.

आता नीट बघा. एका गुरूचे तीन शिष्य आणि तिघांना तीन वेगळ्या परीक्षा. आरुणीची परीक्षा जागा न सोडण्याची होती. बैदाची परीक्षा मदत अपुरी असताना आपला वाटा उचलण्याची होती. उपमन्यूची परीक्षा जिभेची होती. ज्याचा धुरा जिथं कच्चा, गुरूंनी त्याला तिथंच उभं केलं.

म्हणून मन घट्ट करायचं असेल तर पहिलं काम हे, की आपला धुरा कुठं फुटतो ते ओळखायचं. शेजाऱ्यानं उपास धरला म्हणून आपणही धरायचा, यात अर्थ नाही. तुमची जीभ आधीच ताब्यात असेल तर एकादशी तुम्हाला सोपीच जाणार. पण तुमचा राग फुटत असेल, तर तुमची एकादशी जेवणाची नाही, रागाची पाहिजे. ज्याचे पैसे हातात टिकत नाहीत त्यानं पहाटे थंड पाण्यानं आंघोळ करून काय साधणार? त्याचा पाट तिकडं फुटलाच नाही.

चॅलेंज आणि अनुष्ठान

आमच्याकडं पहाटे चारला रस्त्यावर पोरं धावताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी. १६०० मीटर किती मिनिटांत मारायचं, गोळा किती लांब टाकायचा, हेच त्यांच्या डोक्यात. त्यातल्या एका पोरानं मला विचारलं, "गुरुजी, मोबाइलवर पंचाहत्तर दिवसांचं चॅलेंज पाहिलं. दिवसातून दोनदा व्यायाम, खाण्याचं पथ्य, रोज वाचन. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी तीनदा धरलं, तीनदा मोडलं. माझ्यात काही दम नाही का?"

मी त्याला म्हटलं, "बेटा, खंड पडला की पहिल्यापासून, हा नियम नवा नाही. आपल्या अनुष्ठानात तो जुनाच आहे. सप्ताहात एक दिवस चुकला तर तो सप्ताह धरत नाहीत. फरक दुसरीकडं आहे. अनुष्ठानाला बसताना माणूस संकल्प सोडतो. हातात पाणी घेऊन सांगतो, की मी हे कशासाठी आणि कुणासाठी करतोय. तुझ्या चॅलेंजचा संकल्प काय होता?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "स्टेटसला टाकायचं होतं."

खरं बोलला, म्हणून मला तो आवडला. रोज पहाटे तो धावतो, ते मात्र त्याचं तीन वर्षं मोडलं नाही. का? कारण त्याचा बाप वावरात राबतो हे त्याला दिसतं. धावण्याच्या मागं संकल्प आहे आणि चॅलेंजच्या मागं नव्हता. दम दोन्हीकडं सारखाच होता. मी त्याला एवढंच सुचवलं, की पंचाहत्तर दिवसांचं राहू दे. रात्री नऊ वाजता मोबाइल आईच्या हाती द्यायचा आणि सकाळी धावून आल्यावर घ्यायचा, एवढा एकच नियम धर.

मोबाइलचं आलंच आहे तर अवधूताचं स्मरण करू. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात पतंग आहे, तो रूपाला भुलून दिव्यावर झडप घालतो. हरीण आहे, ते गाण्याला भुलतं. हत्ती स्पर्शाला भुलतो, मासा चवीला भुलून गळाला लागतो. एकेक जीव एकेका इंद्रियापायी जातो. पतंगाला गाण्याची भीती नव्हती आणि हरणाला दिव्याची नव्हती. आता आपल्या हातात अशी वस्तू आली आहे, की तिच्यात दिवाही आहे आणि गाणंही आहे. मग सावध राहायचं की नाही?

त्याच चोवीस गुरूंत एक बाण करणारा कारागीर आहे. बाण सरळ करण्यात तो इतका गुंतला होता, की जवळून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. तो काही डोळे मिटून, कान झाकून बसला नव्हता. त्याच्या हातात काम होतं. मन रिकामं ठेवून ते आवरत नाही, त्याला हाताला धरून कामाला लावावं लागतं. आणि जिभेबद्दल अवधूत माशाच्या निमित्तानं जे सांगतो ते खर्रा खाणाऱ्यानं लिहून ठेवावं. बाकी सगळं जिंकलं आणि जीभ राहिली, तर काहीच जिंकलं नाही.

चालणं सोपं, थांबणं अवघड

आपल्या जिल्ह्याला या विषयाची शिकवण दरवर्षी रस्त्यावर बघायला मिळते. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला पायी जाते. एका बाजूचं अंतर ७०० किलोमीटरांच्या वर. आणि ती पायीच परत येते. परतीला सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव असा आपला जिल्हा ओलांडत जाते. पांढऱ्या पोशाखातले वारकरी रांगेनं, टाळ एका ठेक्यात, पताका एका उंचीवर. बघणाऱ्याला वाटतं, किती चालतात ही माणसं!

खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा १६-१७ किलोमीटरांचा. त्या दिवशी हजारो माणसं पालखीसोबत चालतात. मीही अनेकदा चाललो आहे. तिथं एका जुन्या वारकऱ्यानं मला सांगितलं, "गुरुजी, चालणं काही अवघड नाही, पायाला सवय होते. अवघड आहे ते थांबणं. आपल्याला पुढं जायचंय आणि पालखी थांबली, की थांबायचं. आपल्याला भूक लागली आणि पंगत बसली नाही, की थांबायचं. शेजारच्याचा ताल चुकला तर त्याच्यावर डाफरायचं नाही, आपला सांभाळायचा."

शिस्त या शब्दाचा एवढा सोपा अर्थ मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. आपण शिस्त म्हणजे जोर समजतो. जोर तर बैलातही असतो. त्याला तिफणीला लावलं आणि ओळीत चालवलं, तेव्हा पेरणी होते. मनाचंही तसंच. नुसता जोर लावला तर ते चौखूर उधळतं. ओळीत चाललं तर पिकवतं.

शेगावला दर्शनाला गेलात तर तिथल्या सेवाधाऱ्यांकडं एकदा थांबून बघा. चपला सांभाळणारे, झाडणारे, महाप्रसाद वाढणारे. यातली कितीतरी माणसं आपापल्या गावाहून पाळीनं येतात, काही दिवस सेवा देतात आणि मोबदला न घेता परत जातात. घरी ज्याला पाण्याचा पेला आयता हातात लागतो, तो तिथं दुसऱ्यांची उष्टी ताटं उचलतो. त्याचा धुरा तिथं बांधला जातो.

कडक कुणाशी व्हायचं?

दत्तसंप्रदायात कठोर नियमाचं नाव घेतलं की श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी डोळ्यांसमोर येतात. १८५४ साली कोकणात माणगावला जन्म. १८९१ साली गंगाखेडला पत्नीचं निधन झालं आणि त्यांनी लगोलग संन्यास घेतला. मग १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला देह ठेवीपर्यंत सगळा देश पायी तुडवला. वाहन नाही, पैशाला स्पर्श नाही, दंड-कमंडलू आणि मोजकी वस्त्रं. संग्रहणीचा त्रास शरीराला लागलेला, तरी स्नानसंध्या चुकली नाही.

हे ऐकून आपल्याला वाटतं, आपणही असं कडक व्हावं. पण एक गोष्ट विसरू नका. एवढ्या कडक यतींचं आज घरोघरी रोज काय म्हटलं जातं? करुणात्रिपदी. त्यात त्यांनी देवाकडं करुणा भाकली आहे. स्वतःशी वज्रासारखे राहिले आणि इतरांसाठी देवापुढं पदर पसरला. आपलं बहुतेकांचं उलट असतं. स्वतःला सवलत आणि घरच्यांना नियम!

सप्ताहात मी एक गंमत पाहतो. घरधनी चारला उठून पारायणाला बसतो. गाव म्हणतं, वा! पण त्याला गरम पाणी लागतं म्हणून घरची लक्ष्मी साडेतीनला उठलेली असते. त्याचं सोवळ्याचं, बिनमिठाचं वेगळं शिजवते, पोरांचं वेगळं, सासूचं वेगळं. मग ती कापूस वेचायला जाते. मला सांगा, सप्ताह नेमका कुणाचा झाला? आपला नियम दुसऱ्याच्या मानेवर बसत असेल तर आपण बैद झालो नाही. रेडाही तिलाच केलं आणि जूही तिच्याच मानेवर ठेवलं. पारायणाला बसणाऱ्यानं आपलं पाणी आपण तापवावं, आपलं ताट आपण घासावं. हाही पारायणाचा भागच समजावा.

आणि शरीराला छळणं म्हणजे तप नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी हे स्पष्ट सांगितलं आहे, की मूढपणानं स्वतःला पीडा देऊन केलेलं तप तामस. सहाव्या अध्यायात म्हटलं आहे, की फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. म्हणून ज्यांना साखरेचा, रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी सप्ताहात गोळ्या सोडू नयेत, डॉक्टरांना विचारूनच उपास करावा. बाळंतिणीनं, गरोदर लेकीनं उपासाचा हट्ट धरू नये. दत्तमहाराज त्यासाठी रागावत नाहीत.

वही उघडणारी माउली

घाटाखालच्या एका गावातली एक माउली मला माहीत आहे. नाव सांगत नाही. घरचा कर्ता माणूस गेला आणि मागं बँकेचं पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी, दोन-चार हातउसने राहिले. कुणाचे किती, हेही तिला नीट ठाऊक नव्हतं. कुणी दारात आलं की छातीत धस्स व्हायचं. ती मला म्हणाली, "गुरुजी, मले पोथी वाचता येत नाही नीट. मी काय नेम धरू?"

मी विचारलं, "माय, सगळ्यात भीती कशाची वाटते?"

म्हणाली, "हिशोबाची."

मग तिनंच नेम ठरवला. सांजेला देवापुढं दिवा लावायचा, दत्ताचं नाव घ्यायचं आणि त्याच दिव्याच्या उजेडात हिशोबाची वही उघडायची. लेकीनं लिहायचं, तिनं सांगायचं. आज काय आलं, काय गेलं, कुणाचं किती राहिलं. रोज. एक रुपयाही आला-गेला नसेल तरी वही उघडून बंद करायची.

पहिले काही दिवस ती वही उघडून रडायची. पण उघडायची. हळूहळू आकडे ओळखीचे झाले. बँकेत कोणता कागद विचारायचा हे कळलं, बचत गटातून काय घ्यायचं आणि काय नाही हे कळलं. कर्ज काही दत्तकृपेनं आपोआप फिटलं नाही, हेही सांगतो. ते अजून थोडं आहे. पण दारात कुणी आलं तर आता तिच्या छातीत धस्स होत नाही. ती वही घेऊनच बाहेर येते.

आरुणी दुसरं काय करत होता? जिथून पाणी फुटत होतं तिथंच जाऊन आडवा झाला. तिनंही तेच केलं.

आपला हा मुलूख कोरडवाहू. सोयाबीन सोंगणीला आलं की पाऊस येतो, कापूस घरात आला की भाव पडतो. घाटाखाली खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणीही साथ देत नाही. नियम धरल्यानं भाव वाढत नाही आणि पाऊस वेळेवर येत नाही. असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. नियमानं एवढंच होतं, की बाहेरचं सगळं हातातून निसटत असताना दिवसातली एक गोष्ट तरी आपल्या शब्दाप्रमाणं घडते. आणि ज्याची एक गोष्ट शब्दाप्रमाणं घडते, त्याचा स्वतःवरचा विश्वास उडत नाही.

संध्याकाळी शोधायला निघालेले गुरू

आता सोळाव्या अध्यायाकडं परत जाऊ, कारण त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आपण अजून पाहिलीच नाही. ती तिन्ही गोष्टींत येते आणि आपण वाचताना भरकन पुढं जातो.

शिष्य घरी आला नाही, म्हणून धौम्य ऋषी स्वतः शोधायला निघतात. शेतात जाऊन हाका मारतात. आरुणीला पाण्यातून उठवतात. बैदाच्या गळ्यातला फास सोडवून त्याला पोटाशी धरतात. उपमन्यूला विहिरीतून काढतात आणि अश्विनीकुमारांची प्रार्थना करायला लावून त्याचे डोळे परत आणतात. ज्यानं परीक्षा दिली, तोच अंधार पडल्यावर हाका मारत हिंडला. तक्रार घेऊन आलेल्या त्या ब्राह्मणाला गुरूचा कडकपणा दिसला होता. संध्याकाळी शोधायला निघालेले गुरू त्यानं पाहिले नव्हते.

म्हणून माझं म्हणणं आहे, की मन घट्ट करणं हे एकट्याचं काम नाही. जो म्हणतो "मी कुणाला काही सांगणार नाही, माझं मी सोसेन", त्याला आपण खंबीर म्हणतो. पण तो पाण्यात आडवा पडलेला आरुणी आहे आणि त्याला हाक मारायला कुणी निघालेलं नाही. आपल्या जिल्ह्यानं अशी कितीतरी खंबीर माणसं गमावली आहेत. आदल्या दिवशी पारावर हसून बोललेली माणसं.

गुरुचरित्र याबाबत काय सांगतं? तेराव्या अध्यायात पोटशुळानं गांजलेला एक ब्राह्मण गोदावरीत जीव द्यायला निघतो. श्रीगुरू शिष्यांना धाडून त्याला परत आणवतात. उपदेश नंतर, आधी विचारतात, बाबा, तुझं दुःख काय? आणि तेवढ्यात सायंदेव येतो, त्याला म्हणतात, याला घरी नेऊन जेवू घाल. सायंदेव घाबरतो. याला अन्न पचत नाही, माझ्या घरी जेवून काही बरंवाईट झालं तर दोष माझ्यावर येईल! आपल्याला हीच भीती वाटते ना? दुःखी माणसाच्या दारात जायला आपण कचरतो, आपल्या बोलण्यानं काही उलटसुलट झालं तर? श्रीगुरू सायंदेवाला धीर देतात, आणि तो ब्राह्मण त्याच्या घरी पोटभर जेवून बरा होतो.

आणि आठवा अध्याय. कुरवपुरात एक आई आपल्या मंदबुद्धी मुलाला घेऊन नदीत उडी टाकायला निघाली आहे. लोकांनी हिणवून हिणवून तिचं जगणं नकोसं केलेलं. श्रीपाद श्रीवल्लभ आधी तिला अडवतात, मग तिला शनिप्रदोषाचं व्रत देतात आणि मुलाच्या मस्तकावर हात ठेवतात. हा क्रम ध्यानात ठेवा. आधी अडवणं, मग नियम. बुडणाऱ्याला काठावरून व्रत सांगायचं नसतं.

तीच माउली पुढच्या जन्मी कारंज्याला अंबा म्हणून जन्माला आली, तिनं तेच प्रदोषाचं व्रत चालवलं आणि तिच्या पोटी श्रीनृसिंहसरस्वती आले. आपल्या शेजारचं कारंजं! गुरुमंदिरात माथा टेकवताना एकदा मनात आणा. त्या दिवशी नदीकाठी तिला कुणी थांबवलं नसतं, तर श्रीगुरूंची आई होणारी बाई पाण्यात गेली असती. आज आपल्या गावात असा जो कुणी काठावर उभा आहे, त्याच्या पुढच्या आयुष्यात काय लिहिलंय हे आपल्याला काय ठाऊक?

या दत्तजयंतीला

तेव्हा सज्जनहो, या जयंतीला दोन नियम धरू या, एक आपल्यासाठी आणि एक दुसऱ्यासाठी.

आपल्यासाठीचा नियम छोटा असावा. इतका छोटा की ताप आला, पाहुणे आले, रात्री पाणी द्यायला वावरात जावं लागलं, तरी मोडू नये. त्याला वेळ ठरवून द्यावी. तो आपल्या फुटक्या धुऱ्यावरचा असावा. घरातल्या एका माणसाला सांगावा, गावाला सांगू नये. आणि एखाद्या दिवशी मोडलाच तर स्वतःला शिव्या देत बसू नये. अनुष्ठान मोडलं तर पुन्हा संकल्प करावा लागतो, पण रोजच्या नियमाला उद्याची पहाट पुरते. धुरा एकदा फुटला म्हणून कुणी वावर सोडून देतं का? तो पुन्हा बांधतो.

दुसऱ्यासाठीचा नियम हा, की रोज संध्याकाळी एका माणसाची चौकशी करायची. जो हल्ली पारावर येत नाही, ज्याचं पीक गेलंय, जो फार गप्प झालाय किंवा फार हसायला लागलाय. त्याच्या दारात जायचं. "काऊन बा, दिसला नाही?" एवढं विचारायचं आणि तो बोलेपर्यंत बसायचं. ज्याला स्वतःलाच जगणं जड झालंय त्यानं आजच, हा अंक बाजूला ठेवून, घरातल्या कुणाला तरी, मित्राला, डॉक्टरांना तसं सांगावं. त्यात कमीपणा नाही. उपमन्यूनंही विहिरीतून हाकेला ओ दिली, म्हणून तर तो सापडला.

सप्ताहाच्या समाप्तीला आपण आरती करतो, प्रसाद वाटतो, पोथी बांधून ठेवतो. पोथी बांधली तरी हे दोन नियम उघडे राहू द्या. पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा पोथी उघडाल तेव्हा सोळाव्या अध्यायाशी थांबा आणि वर्षभरात आपण कितीदा धुऱ्यावर आडवे झालो, आणि कितीदा कुणाला हाक मारायला निघालो, हे ज्याचं त्यानं मनाशी मोजावं.

श्रीदत्तमहाराज सर्वांना आपापल्या जागी टिकून राहण्याचं बळ देवोत, आणि अंधार पडल्यावर शोधायला येणारं माणूस प्रत्येकाला मिळो, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!